फुकटचा कुकर

"अप्पा, ते पुडकं आत ठेवा बघू. तुमचाही बस्ता माझ्याच कार्डावर टाकतो. तुम्ही मला घरी रोख द्या, म्हणजे झालं."

आमचे हे असं म्हणाले आणि कांतिशेठच्या कापडदुकानातली सगळी गादी ह्यांच्याकडे वळली. चहाचे कप हातातल्या हातात थांबले. अप्पा म्हणजे आमचे होणारे व्याही, परांड्याचे. माझी नणंद वैजू त्यांच्या घरी पडायची होती, आणि त्या दिवशी दोन्हीकडची मंडळी बस्ता बांधायला बार्शीत कांतिशेठकडे जमली होती. सकाळपासून साड्यांचे ढीग उलगडत होते. शालू झाला, मानाच्या साड्या झाल्या, धोतरजोड्या, टोप्या, टॉवेल, सगळं झालं. अप्पांनी बंडीच्या आतल्या खिशातून नोटांचं पुडकं नुकतंच बाहेर काढलं होतं, ते तसंच हातात राहिलं.

"कार्डावर म्हणजे कसं जावईबापू?" अप्पांनी विचारलं. वास्तविक हे त्यांचे जावई नव्हते, व्याह्यांचे चिरंजीव होते. पण अप्पा समोर येईल त्याला जावईबापू म्हणायचे.

"अहो, क्रेडिट कार्ड. आज खरेदी करायची, पैसे दीड महिन्यानं भरायचे. व्याज शून्य. वर कंपनीच आपल्याला शेकडा एक परत देते. कॅशबॅक म्हणतात त्याला."

"परत देते? आपल्याला?" अप्पांच्या घरच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"फुकट!" हे म्हणाले, आणि शर्टाच्या खिशातून ते सोनेरी कार्ड काढून त्यांनी गादीवर असं ठेवलं, की जणू वैजूच्या दागिन्यांतलाच एक डाग आहे.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल थोडं सांगायलाच हवं. हे गावातल्या पतसंस्थेत कर्ज विभागात होते. हिशोबाला पक्के, हाताला कडक. लग्नासाठी कर्ज मागायला कोणी आलं, की त्याला समोर बसवून अर्धा तास सुनवायचे. बँड कशाला हवा? आचारी बाहेरगावचा कशाला? मांडवाला झालर कशाला? लोक म्हणायचे, कथलेसाहेबांकडे कर्जापेक्षा कीर्तनच जास्त मिळतं. असा हा माणूस. पण सोलापूरहून एक टायवाला पतसंस्थेत आला काय, ह्यांना 'सर, सर' म्हणाला काय, आणि महिन्याभरात हे कार्ड घरी आलं काय! तेव्हापासून ह्यांची चालच बदलली होती. भाजी घ्यायला गेले तरी कार्ड खिशात.

कांतिशेठनी चष्मा कपाळावर चढवला. "कथलेभाऊ, एक सांगू का? रोख दिलंत तर बस्त्याची सूट धरतो, नेहमीसारखी शेकडा पाच. कार्डावर मला नाही जमायचं. मशीनवाले आधीच माझे शेकडा दोन कापून घेतात."

"राहू द्या तुमची सूट, शेठ. मला कंपनी देतेय ना!"

मी कोपऱ्यात बसले होते, फॉलला द्यायच्या साड्या वेगळ्या काढत. कांतिशेठच्या दुकानाचं पिको-फॉलचं काम माझ्याकडेच असायचं, त्यामुळे त्या गादीवर मी अर्धी गिऱ्हाईक आणि अर्धी कामगार होते. पाच सोडून एक घेतला, एवढं मला तिथंच दिसलं. पण व्याह्यांसमोर नवऱ्याचं गणित दुरुस्त करायचं नसतं. मी साड्यांवर चिठ्ठ्या लावत राहिले.

अप्पा मात्र कच्चे नव्हते. "मग आमची सूट बुडाली की हो!"

सगळे ह्यांच्याकडे बघायला लागले. सासूबाई बघत होत्या, वैजू बघत होती, नवरामुलगा बघत होता. हे हसले. "तुमची सूट मी देतो अप्पा! तुम्ही मला पाच टक्के कमीच द्या."

"वा! हे मात्र दिलदार काम," अप्पा म्हणाले आणि पुडकं बंडीत ठेवून त्यांनी दुसरा चहा मागवला.

मशीनमधून चिठ्ठी निघाली, ह्यांनी झोकात सही केली. दोन्ही घरचं मिळून लाखाच्या वर गेलं होतं. कांतिशेठनी रिवाजाप्रमाणे देवीची साडी दुकानातर्फे दिली, तुळजापूरला न्यायची, हिरवी, लाल काठाची. ती देताना ते मला हळूच म्हणाले, "वहिनी, ही मात्र मी मशीनला विचारून देत नाही." मी हसले. शेठ हसले नाहीत.

अप्पांनी शब्दाप्रमाणे आठवड्यात रोख आणून दिली, पाच टक्के बरोबर कापून. वैजूच्या मामानं त्याच्या मानाच्या साड्यांचे दिले. आमचे स्वतःचे साठवलेले होते. हे सगळं सासूबाईंच्या कपाटातल्या स्टीलच्या डब्यात गेलं. हे म्हणाले, "बिल येईपर्यंत पैसा घरात. बाहेरच्या पैशावर आपलं लग्न, ह्याला म्हणतात नियोजन."

पंधरा-वीस दिवसांनी हे संध्याकाळी कामावरून आले ते हातात मोठं खोकं घेऊनच. सासूबाई तुळशीपाशी दिवा लावत होत्या.

"आई, डोळे मिट."

"मिटते, पण पडेन बाबा. काय आणलंस?"

कुकर होता. पाच लिटरचा, चकचकीत, काळ्या दांड्याचा. सासूबाईंचा जुना कुकर शिट्टी सोडून सगळीकडून वाफ टाकायचा. दर वेळी नवा घ्यायचं म्हटलं की त्याच म्हणायच्या, वैजूचं होऊ दे आधी.

"अरे, आत्ता खर्चाच्या दिवसांत कशाला?"

"खर्च कुठला? कॅशबॅक आलं! आणि नवीन गिऱ्हाईक म्हणून वर बक्षीस. फुकटचा आहे, आई. एक पैसा लागला नाही."

सासूबाईंनी कुकरला हळद-कुंकू लावलं. त्यांचे डोळे भरले होते, हे मी खोटं सांगणार नाही. मलाही बरं वाटलं. मुलगा आईला काही आणून देतो, त्याचं अप्रूप आईला असतंच. दुसऱ्या दिवसापासून गल्लीतली प्रत्येक बाई तो कुकर बघून गेली. "मुरलीला कंपनीनं दिला," सासूबाई सांगायच्या. "फुकट! कार्ड चांगलं चालवतो म्हणून." त्यांना वाटायचं कार्ड म्हणजे मोटारसारखं काहीतरी चालवायचं असतं.

ते परत आलेले पैसे कंपनीनं बिलातच वळते केले होते. ह्यांनी तेवढे डब्यातून काढून कुकर आणला होता. डब्याला हात लागला तो असा पहिल्यांदा, आणि तोही आईसाठी. मग मांडववाला आगाऊ मागायला आला. मग हे म्हणाले, वैजू एकुलती एक बहीण, बँड असू द्या. मग बँड सोलापूरचा झाला. मग जेवणात आणखी एक गोड वाढलं. प्रत्येक वेळी एकच वाक्य, "डब्यात आहेत ना!" मी एकदा विचारलं, "अहो, ते बिलाचे ना?" तर म्हणाले, "बिलाचं मी बघतो. ते माझं रोजचं काम आहे."

तेही खरंच होतं. कर्जाचं काम रोज करणाऱ्या माणसाला मी काय शिकवणार? पहिलं बिल आलं तेव्हा मी विचारलंही होतं. "भरलं," म्हणाले. मी विषय सोडला.

लग्न थाटात झालं. वैजू परांड्याला गेली. सोलापूरच्या बँडनं असा काही गजर केला, की अप्पांच्या म्हशीनं दोन दिवस दूध दिलं नाही, असं अप्पाच नंतर सांगत होते.

माझं म्हणाल तर मला एक वेगळाच ध्यास लागला होता. मंडईसमोरच्या इमारतीत जिन्याखाली एक गाळा रिकामा होणार होता. एवढासा, एक शिलाई मशीन, एक पिकोचं मशीन आणि एक स्टूल मावेल इतकाच. पण रस्त्यावर होता. घरात आतल्या खोलीत बसून मी कांतिशेठच्या साड्यांना फॉल लावायची, ब्लाउज शिवायची. गिऱ्हाईक थेट माझ्याकडे यावं, माझ्या नावाची पाटी असावी, एवढंच मला हवं होतं. गाळामालकानं पन्नास हजार अनामत सांगितली होती. मी भिशी लावलेली होती, ती एप्रिलात माझ्या नावानं लागणार होती, बरोबर पन्नास. मालक म्हणाला, "अक्षय तृतीयेपर्यंत थांबतो. त्यानंतर मोबाइलवाल्याला देणार, तो रोज येऊन बसतोय." मी ह्यांना सांगितलं तेव्हा हे म्हणाले, "बघू." ह्यांचं 'बघू' म्हणजे अर्ज फायलीला लागला.

पाडव्याला मी कांतिशेठकडे हिशोबाला गेले. शेठ नेहमी पाडव्याला पेढा देऊन वर्षाचे दर ठरवायचे. त्या वर्षी पेढा दिला आणि म्हणाले, "वहिनी, राग मानू नका. फॉलचे पंचवीसऐवजी तेवीस धरावे लागतील."

"कमी? शेठ, दोरा महागला, वीज महागली, आणि तुम्ही कमी धरता?"

"काय करू सांगा. यंदा निम्मे बस्ते कार्डावर गेले. शेकडा दोन मशीनवाले नेतात. कापडाच्या भावात मला वाढवता येत नाही, शेजारी मोठं दुकान झालंय. मग कुठून काढू? फॉलमधून, पोऱ्यांच्या पगारातून, माझ्या जेवणातून!" ते चिडलेले नव्हते, दमलेले होते. "तुमच्या वैजूच्या बस्त्यापासूनच धरलंय वहिनी. मला सांगायला तोंड नव्हतं, म्हणून पाडव्यापर्यंत थांबलो."

मी पेढा पदरात बांधला आणि घरी आले. ह्यांना काही बोलले नाही. म्हटलं, दोन रुपयांसाठी सणाच्या दिवशी तोंड कशाला वाजवायचं.

भिशी लागली. पन्नास हजार मी साडीच्या घडीत ठेवले, आणि रोज दुपारी एकदा हात लावून बघायची. तृतीया चार दिवसांवर आली होती.

तो रविवार होता. हे जेवून ओसरीत वर्तमानपत्र वाचत पडले होते, फोन आत माझ्या मशीनपाशी चार्जिंगला होता. तो वाजला. मी उचलला.

"मुरलीधर कथले सरांशी बोलू शकते का?" एक गोड आवाज.

"जेवून पडलेत. मी त्यांची बायको. काय ते सांगा."

"मॅडम, अभिनंदन! सर आमचे अतिशय मौल्यवान ग्राहक आहेत, त्यामुळे त्यांच्या कार्डाची मर्यादा दुप्पट करण्यात येत आहे. त्यांचा होकार हवा होता."

मी फोन ओसरीत नेऊन दिला. हे उठून बसले, "हो, हो" म्हणाले, "थँक्यू, थँक्यू" म्हणाले. फोन ठेवला तेव्हा चेहरा असा फुललेला, की सासूबाईंनी विचारलं, "बढती मिळाली का रे?"

"तसंच समज. कंपनीनं मर्यादा दुप्पट केली. आपली पत वाढली, आई!"

सासूबाई खुश होऊन देवापुढे साखर ठेवायला आत गेल्या. मी तिथंच खांबाला टेकून बसले. मला खरंच कुतूहल होतं, दुसरं मनात काही नव्हतं.

"अहो, त्यांनी आपल्याला वाढवून का दिलं?"

"मी चांगला ग्राहक आहे म्हणून."

"चांगला म्हणजे कसा? तुमच्या पतसंस्थेत तुम्ही कोणाची मर्यादा वाढवता?"

"जो नियमित असतो त्याची."

"म्हणजे जो सगळं फेडून मोकळा होतो त्याची?"

हे हसले. मला शिकवायला मिळालं की ह्यांना बरं वाटायचं. "अगं, फेडून मोकळा झाला त्याच्यापासून संस्थेला काय मिळणार? जो मुद्दल ठेवतो आणि व्याज वेळच्या वेळी भरत राहतो, तो खरा..."

आणि थांबले. वर्तमानपत्राची घडी घालायला लागले. ती घडी काही नीट बसेना.

"तुम्ही व्याज भरताय?" मी विचारलं.

ओसरीपुढून आइस्क्रीमवाला घंटी वाजवत गेला. मग हे म्हणाले, "कमीत कमी इतके भरा, असं बिलावर कंपनीच लिहिते. पहिल्या वेळी बँडवाला दारात उभा होता. म्हटलं, या वेळी तेवढेच भरू. पुढच्या वेळीही तेवढेच जमले."

"आणि आत्ता किती राहिलेत?"

"जेवढे होते तेवढेच. थोडे जास्तच."

"आपण भरत असताना?"

"भरतो ते सगळं व्याजातच जातं. महिन्याला शेकडा साडेतीन लावतात." हे खाली बघून बोलत होते. "वर्षाचं काढलं तर आमच्या पतसंस्थेच्या तिप्पट."

"देवा!" मी म्हटलं. मला राग यायला हवा होता. पण आधी हसूच आलं. शेकडा एक मिळाला म्हणून ह्या माणसानं गल्लीभर मिरवलं आणि महिन्याला साडेतीन मुकाट देत होता. "मग संस्थेतून कर्ज काढून हे मिटवून का नाही टाकलंत? तिप्पट स्वस्त, आणि तुमच्याच हाताखालचं."

"तिथंच तर!" हे एकदम बोलले. "तिथं मी अर्ज भरू? लग्नासाठी? नामदेव ढवळेला मी मागच्या महिन्यात परत पाठवलं, मांडव साधा घाल म्हणून. त्याच टेबलावर मी जाऊन सांगू, की माझ्याकडे सोलापूरचा बँड होता? केबिनमधले देशमानेसाहेब काय म्हणतील? शिपाईसुद्धा हसेल मला."

कर्जापेक्षा हसण्याची भीती मोठी होती, हे मला त्या क्षणी कळलं, आणि मला ह्यांची दया आली. खोटं कशाला सांगू, खूप दया आली.

मग हे म्हणाले, "मंदा, तुझी भिशी लागलीय ना. निम्मं तरी मिटेल. दिवाळीपर्यंत मी तुला परत देतो. गाळे काय, पुन्हा मिळतील."

दया तिथंच संपली.

"नाही," मी म्हटलं.

मी ह्यांना असं सरळ 'नाही' त्याआधी कधी म्हटलं होतं की नाही, आठवत नाही. ह्यांनाही आठवत नसावं, कारण हे बघतच राहिले.

"तो कुकर आहे ना आतला," मी म्हटलं, "तो कोणी दिला?"

"कंपनीनं. मघाशीच तर सगळं बोललो, आता पुन्हा टोचू नकोस."

"कंपनीनं तो कुठून दिला? कांतिशेठच्या शेकडा दोनमधून. आणि शेठनी ते कुठून काढले, माहितीय? माझ्या फॉलमधून. पंचवीसचे तेवीस केलेत त्यांनी, वैजूच्या बस्त्यापासून. त्या बस्त्यातल्या एकेक साडीला मी फॉल लावला, तुमच्या आईच्या, अप्पांच्या चुलत्यांच्या बायकोच्या, सगळ्यांच्या. त्या कुकरचे पैसे मी केव्हाच भरलेत, अहो. आता तुमच्या बँडचेही मीच भरू?"

आतून सासूबाईंचा आवाज आला, "मुरली, साखर घे रे, बढतीची!" हे उठून आत गेले, साखर घेतली, आईच्या पाया पडले. मी मशीनवर जाऊन बसले. पायानं मशीन चालत होतं, पण सुईत दोरा नव्हता, हे बऱ्याच वेळानं ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे अंघोळ करून बाहेर पडताना दारात घुटमळले.

"अर्ज भरतो मी आज," म्हणाले. "दोन जामीन लागतील. एक बाहेरचा, एक घरचा. घरचा..." पतसंस्थेच्या निवडणुकीच्या वेळी मतांसाठी ह्यांनीच मला सभासद करून ठेवलं होतं, म्हणून माझी सही चालणार होती.

"मी येते," मी म्हटलं. "आणि बाहेरचा मी आणते."

कांतिशेठ दुकान उघडून उदबत्ती लावत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही. शेठनी ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "कथलेभाऊ? कर्जाचं कीर्तन करणारे कथलेभाऊ?"

"तेच. जामीन राहता का?"

"राहतो वहिनी. पण फॉलचे ते दोन रुपये परत मागू नका."

"मागणार नाही. तृतीयेपासून माझा गाळा असेल मंडईसमोर. तुमचं काम पंचवीसनंच घेईन, नाहीतर दुसऱ्या दुकानांचं घेईन."

शेठ उदबत्ती तशीच हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चला, आधी सही तरी करतो. तेवीस-पंचवीसचं नंतर भांडू." आणि खरोखर पायात चपला सरकवून ते माझ्याबरोबर निघाले.

पतसंस्थेत गर्दी होती. सोमवार, बाजाराचे पैसे भरणारे, काढणारे. हे आपल्या टेबलाच्या आतल्या बाजूला नव्हते. बाहेरच्या बाजूला, लोकांच्या बाकावर बसले होते. त्या बाकावर मी ह्यांना पहिल्यांदाच बघत होते. शिपाई हसला नाही. त्यानं ह्यांना पाणी आणून दिलं.

व्यवस्थापक देशमानेसाहेबांनी अर्ज वाचला, कारणाच्या ठिकाणी 'बहिणीचं लग्न' वाचलं आणि चष्म्यावरून ह्यांच्याकडे बघितलं. हे लाल झाले होते. पण नजर वळवली नाही. कांतिशेठची सही झाली. मग साहेबांनी सभासदांची यादी चाळली.

"वहिनींचं अडतंय, कथले. इथं गृहिणी म्हणून नोंद आहे. कमावता जामीन लागतो, हे तर तुम्हीच सगळ्यांना सांगता."

आजूबाजूचे दोघे-चौघे वळून बघायला लागले. मला वाटलं, आता हे उठणार आणि घरी चला म्हणणार. किंवा मला बाजूला घेऊन म्हणणार, मग तुझी भिशीच दे. साडीच्या घडीतले ते पन्नास हजार मला तिथं उभ्या उभ्या दिसत होते.

हे उठले. पण देशमान्यांच्याच टेबलापाशी गेले.

"साहेब, ती नोंद जुनी आहे. मी केली होती, चुकीची केली होती. ती टेलर आहे." आवाज चांगला मोठा होता, रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू गेला असेल. "मंडईसमोर स्वतःचा गाळा आहे तिचा."

कांतिशेठनी माझ्याकडे बघितलं. मी ह्यांच्याकडे बघितलं. गाळ्याला त्या घडीला मालकाचंच कुलूप होतं.

"पाटी काय नावानं आहे?" देशमान्यांनी पेन उघडत विचारलं.

"मंदाकिनी कथले," हे म्हणाले. "तिच्याच नावानं."

मी पुढं झाले आणि माझ्या नवऱ्याला जामीन राहिले. सहीचं अक्षर तेवढं थोडं वाकडं आलं.

तृतीयेला गाळा उघडला. पाटी ह्यांनीच रंगवून आणली. त्याच आठवड्यात कार्डाचे सगळे पैसे एकदम भरून हे ते बंद करायला फोनवर बसले. पलीकडची बाई सोडेना. हे देतो, ते देतो, वर्षाची फी माफ करतो. शेवटी तिनं विचारलं, "सर, आमची बक्षिसं आपल्याला आवडली नाहीत का?" हे म्हणाले, "आवडली हो. परवडली नाहीत." नामदेव ढवळेला हे स्वतः घरी जाऊन बोलावून आले, आणि त्याचा अर्ज कीर्तनाशिवाय मंजूर झाला.

ह्याला बरीच वर्षं झाली. संस्थेचे हप्ते केव्हाच फिटले. कुकर अजून चालतो. रबर दोनदा बदललं, शिट्टी एकदा. सासूबाई असेपर्यंत दर वरण-भाताला तो गॅसवर चढवताना आल्यागेल्याला सांगायच्या, हा माझ्या मुरलीला फुकट मिळालेला. हे जेवता जेवता माझ्याकडे बघायचे. मी ताटात भात वाढायची. त्याची किंमत आम्ही दोघांनीही त्यांना शेवटपर्यंत सांगितली नाही.